न तोडता मोजलेला बंध

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे होडी निघाली की वाटेत एक गोष्ट हमखास कानावर पडते. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचे काम सुरू केले, आणि पायाचे दगड बसवताना त्यांच्या फटींत वितळवलेले शिसे ओतले, ही ती गोष्ट. ऐकणारा तटाकडे बघतो, लाटांकडे बघतो आणि मान डोलावतो. मला मात्र अलीकडे तिथे एक अडचणीचा प्रश्न पडतो. दगड आणि शिसे यांची ही पकड नेमकी किती घट्ट असेल? ती मोजायची तर पहार घालून दगड उचकटावा लागेल. उचकटताना शेजारचे दगड हलतील, एखाद्याचा कोपरा उडेल, शिसे वाकेल. जोर किती लागला याचा आकडा मिळेल खरा; पण त्या आकड्यात पकडीचा वाटा किती आणि मोडतोडीचा किती, हे कोण सांगणार?

हाच प्रश्न रसायनशास्त्रज्ञांना अणूंच्या बाबतीत छळत आला आहे. दोन अणू एकमेकांना धरून असतात, त्या धरण्याला रासायनिक बंध म्हणतात. हा बंध स्वतःपुरता, त्याच्या अंगचा असा किती बळकट? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि त्यातले एक चांगले प्रकरण आपल्या पुणे विद्यापीठात लिहिले गेले. आज ते सांगायचे आहे.

मी बीए झालो तो मराठी घेऊन, आणि लिहितो कविता. तेव्हा कवीचे इथे काय काम, असे कुणी विचारील. माझा एक भाचा रसायनशास्त्र शिकला. एकदा सुट्टीत घरी आला असताना तो मला म्हणाला, ‘‘मामू, तुम्ही कवी लोक नाते तुटल्यावर ते किती मोठे होते ते सांगता. आमच्याकडे लोक ते धड असताना मोजायला निघालेत.’’ मला राग आला नाही. बोलणे अर्धे खरे होते, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी मी त्याला रात्री उशिरापर्यंत बसवून घेतले. त्यानंतर जमेल तसे वाचत गेलो.

बंध ही कल्पना कागदावर आधी आली. १८५८ मध्ये आर्चिबाल्ड कूपर या स्कॉटिश तरुणाने अणूंच्या चिन्हांमध्ये रेघा ओढल्या. या रेघा कशाच्या, हे त्याला किंवा इतर कुणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. इलेक्ट्रॉन सापडायला अजून जवळजवळ चाळीस वर्षे होती. १९१६ मध्ये अमेरिकेत गिल्बर्ट लुईस यांनी सांगितले की ही रेघ म्हणजे दोन अणूंनी सामाईक धरलेली इलेक्ट्रॉनांची जोडी. चित्र छान झाले, पण चित्रातून घट्टपणा कळत नाही. १९२६ मध्ये श्रोडिंगर यांचे समीकरण आले आणि पुढच्याच वर्षी वाल्टर हाइटलर आणि फ्रिट्झ लंडन यांनी ते हायड्रोजनच्या रेणूला लावले. दोन अणू, दोन इलेक्ट्रॉन, एवढाच प्रपंच. आकडा तंतोतंत आला नाही. पण दोन अणू जवळ आले की ऊर्जा खाली उतरते, म्हणजे बंध होतो, हे प्रथमच गणितातून निघाले. लगेच १९२९ मध्ये डिरॅक यांनी एक थंड वाक्य लिहून ठेवले. त्याचा आशय असा की रसायनशास्त्राला लागणारे सगळे मूलभूत नियम आता माहीत झाले आहेत, अडचण फक्त एवढीच की त्यातून निघणारी समीकरणे सोडवता येण्यापलीकडची आहेत.

त्या ‘फक्त एवढीच’मध्ये पुढची कित्येक वर्षे गेली. १९३३ मध्ये जेम्स आणि कूलिज यांनी हायड्रोजनचे गणित हाताने फिरवायच्या यंत्रांवर फार पुढे नेले. मग संगणक आले. १९६० च्या दशकात कोलोस आणि वोल्निएविच या पोलंडच्या दोघांनी हायड्रोजनचा रेणू तोडायला किती ऊर्जा लागते याचे इतके बारीक गणित केले, की ते गेर्हार्ड हर्झबर्ग यांच्या प्रयोगाशी जुळेना. हर्झबर्ग म्हणजे साधा माणूस नव्हे. १९७१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. प्रयोग आणि गणित यांत भांडण झाले तर गणिताने माघार घ्यायची, हा रिवाज. हर्झबर्ग यांनी अधिक चांगल्या उपकरणाने पुन्हा मोजले, १९७० मध्ये नवा आकडा छापला, आणि तो गणिताच्या बाजूने निघाला. संगणकाला तराजू म्हणून पत मिळाली ती अशा प्रसंगांतून.

आता तोडून मोजण्यात काय घोळ होतो ते पाहू. आपल्या जिल्ह्यात अनेक घरांच्या मागे गोबर गॅसचा खड्डा असतो. त्या गॅसमधला जळणारा भाग म्हणजे मिथेन. मध्ये एक कार्बन, भोवती चार हायड्रोजन. चारही बंध अगदी सारखे, डावे-उजवे करायला जागा नाही. आता एकेक हायड्रोजन तोडत जा. ऊर्जा मोजायचे माप किलोकॅलरी, आणि हिशेब सोळा ग्रॅम मिथेनमधल्या सगळ्या रेणूंचा धरायचा. पहिला हायड्रोजन तोडायला सुमारे १०५ किलोकॅलरी लागतात. एवढ्या उष्णतेत लिटरभर बर्फगार पाणी उकळीला येईल. दुसऱ्याला सुमारे ११०, तिसऱ्याला १०१ आणि शेवटच्याला अवघ्या ८१. सारख्या चार बंधांच्या किमती अशा चार निघतात!

याचे कारण असे की एक हायड्रोजन गेला की मागे राहिलेले पहिल्यासारखे राहत नाहीत. तिघे हायड्रोजन कार्बनभोवती सपाट पसरतात, इलेक्ट्रॉन आपली मांडणी बदलतात. चार भावांतला एक मुंबईला गेला की घरातल्या उरलेल्यांच्या झोपायच्या जागासुद्धा बदलतात, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. तोडण्याची किंमत म्हणजे बंधाची किंमत अधिक या मागच्या आवराआवरीचा हिशेब. आवराआवरीत कधी खर्च होतो, कधी बचत. म्हणून ती किंमत खरी असते, उपयोगाचीही असते. पण बंधाच्या अंगची ताकद ती नव्हे.

मग न तोडता कसे मोजायचे? एक वाट अशी की बंधाला स्प्रिंग समजायचे आणि किंचित ताणून ती किती ताठ आहे ते बघायचे. रेणू सतत थरथरत असतात. ही थरथर प्रकाशातून वाचता येते; १९२८ मध्ये रामन यांनी कलकत्त्यात शोधलेला परिणाम हे तिचे एक साधन. १९३४ मध्ये रिचर्ड बॅजर यांनी दाखवले की दोन अणूंच्या रेणूत बंध जितका आखूड तितकी स्प्रिंग ताठ. पण दोनच अणू असतील तोवर हे सरळ आहे. किनाऱ्यावर वाळत घातलेल्या जाळ्याची एक गाठ ओढून बघा. ती एकटी हलत नाही, सोबत शेजारच्या दहा गाठी हलतात. मोठ्या रेणूचे तसेच होते. डॉनल्ड मॅकीन या संशोधकाने १९७० च्या दशकात यावर युक्ती केली. रेणूतला एक हायड्रोजन तेवढा ठेवून बाकी सगळ्यांच्या जागी दुप्पट जड हायड्रोजन बसवायचे. जड मंडळींचा ताल वेगळा पडतो आणि हलका गडी एकटा थरथरतो. सुरेख, पण भलतेच कष्टाचे काम. १९९८ मध्ये स्वीडनमध्ये झोरान कोन्कोली आणि डीटर क्रेमर यांनी तेच काम गणिताने केले. एका बंधाची थरथर शेजाऱ्यांपासून कागदावर वेगळी काढायची रीत त्यांनी दिली. पुढे क्रेमर आणि एल्फी क्राका यांनी अमेरिकेत डॅलस येथे तिच्यावर बंधांच्या अंगच्या ताकदीची मोजदाद उभी केली. क्रेमर २०१७ मध्ये वारले.

पुण्याची वाट निराळी होती, आणि ती सुरू झाली गैरसोयीतून.

१९८० च्या दशकात भारताला अमेरिकेकडून क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. बरीच घासाघीस होऊन एक लहान नमुना मिळाला, तोही हवामानाच्या कामापुरता, दिल्लीत. ही कथा आता सर्वांना माहीत आहे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. अनेक छोटे प्रोसेसर जोडून त्यांना एकच काम वाटून द्यायचे, ही त्यामागची कल्पना. वर्तमानपत्रांनी त्या यंत्राचे भरपूर कौतुक केले आणि ते योग्यच होते. पण अशा यंत्राला काम नेमके कसे वाटून द्यायचे, त्यासाठी लागणारे प्रोग्राम कोण लिहिणार, हा प्रश्न बातमीत येत नाही. सी-डॅकच्या शेजारीच, विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात, श्रीधर गद्रे आणि त्यांचे विद्यार्थी हे काम करत होते.

गद्रे यांची पीएचडी आयआयटी कानपूरची. नंतर ते अमेरिकेत चॅपल हिल येथे रॉबर्ट पार यांच्याकडे होते. इलेक्ट्रॉनांची दाटी कुठे किती आहे यावरून रेणूचे सगळे गुण काढायचे, या विचाराची इमारत ज्यांनी बांधली त्यांतले पार एक. पुण्यात आल्यावर गद्रे यांचे लक्ष रेणूच्या भोवतालच्या विद्युत विभवाकडे गेले. हा विभव म्हणजे एक डोंगराळ नकाशाच असतो, शिखरे, दऱ्या आणि खिंडींचा. १९९० मध्ये राजीव पाठक आणि गद्रे यांनी सिद्ध केले की या नकाशात अणुकेंद्रांची जागा सोडून दुसरीकडे कुठेही शिखर असूच शकत नाही. १९९३ मध्ये गद्रे यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. त्यांच्या गटाने इंडमोल नावाचा रेणूंच्या गणिताचा प्रोग्राम घरीच लिहिला. बाहेर विकत मिळतो तो घ्यावा, एवढी सोपी वाट असताना स्वतः लिहिणे हा हट्ट वाटेल. पण दुसऱ्याने शिवलेला कपडा उसवल्याशिवाय आत अस्तर कसे बसवले ते समजत नाही. त्या हट्टातून कारागीर तयार होतात, असे माझे मत आहे.

अडचण ही की रेणू मोठा झाला की गणित बेसुमार फुगते. रेणू दुप्पट केला तर साध्यातल्या साध्या रीतीने कागदोपत्री सोळापट काम होते. त्याहून अचूक रीत घेतली तर बत्तीसपट किंवा जास्त. विद्यापीठातल्या यंत्रांवर मोठा रेणू मावेना. मग तो कापावा. १९९४ मध्ये गद्रे, राजेंद्र शिरसाट आणि अजय लिमये यांनी ही रीत छापली आणि तिला नाव दिले मॉलिक्युलर टेलरिंग. रेणूचे शिवणकाम!

नाव मला फार आवडले, कारण ते नुसते गमतीचे नाही. शिंपी कापड बेतताना प्रत्येक तुकड्याला शिवणीसाठी थोडे जास्त कापड ठेवतो. दोन तुकडे जोडले की तेवढ्या पट्टीवर कापड दुहेरी येते. एकूण किती कापड दिसणार हे सांगायचे तर दोन्ही तुकड्यांची बेरीज करून ती दुहेरी पट्टी एकदा वजा करावी लागते. पुण्याच्या मंडळींनी रेणू असेच एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांत कापले. प्रत्येक तुकड्याचे गणित वेगळे केले, तुकडे वेगवेगळ्या प्रोसेसरांना वाटले, बेरीज केली आणि दोनदा आलेला भाग वजा केला.

ज्यांना शिवणकामापेक्षा मासेमारी जवळची, त्यांच्यासाठी दुसरा दाखला देतो. एका वाडीत होडी असलेली घरे चाळीस, जाळे असलेली तीस, आणि दोन्ही असलेली बारा. होडी किंवा जाळे यांपैकी काहीतरी असलेली घरे किती? सत्तर म्हणाल तर बारा घरे दोनदा मोजली जातील. उत्तर अठ्ठावन्न. शाळेतल्या पोराला येणारे गणित आहे हे. रेणूच्या बाबतीत कापायचे कुठे आणि शिवणीला किती ठेवायचे, यात मात्र वर्षे गेली. २००३ मध्ये के. बाबू आणि गद्रे यांनी या रीतीची पुढची घडण प्रसिद्ध केली.

इथवर कातरी होती ती केवळ काटकसरीसाठी. मोठा रेणू लहान यंत्रात मावावा, एवढाच तिचा हेतू. २००६ मध्ये मिलिंद देशमुख, गद्रे आणि त्यांचे अमेरिकेतले सहकारी लिबेरो बार्तोलोत्ती यांनी एक निबंध प्रसिद्ध केला आणि या कातरीचा तराजू झाला.

त्यांना तोलायचा होता तो हायड्रोजन बंध. हा नेहमीच्या बंधाहून नाजूक. एका रेणूतला ऑक्सिजन आपल्या हायड्रोजनला धरून असतो आणि तो हायड्रोजन पलीकडच्या दुसऱ्या ऑक्सिजनकडे कलतो. पाण्याचे पाणीपण या कलण्यात आहे. पाण्याचा चुलतभाऊ म्हणावा असा हायड्रोजन सल्फाइड, ऑक्सिजनच्या जागी गंधक असलेला, शून्याखाली साठ अंशांना उकळून वायू होतो. पाणी शंभर अंशांपर्यंत टिकते ते रेणू एकमेकांकडे असे कललेले असतात म्हणून. १९२० मध्ये लॅटिमर आणि रोडबुश यांनी ही कल्पना मांडली. एका पाण्याच्या रेणूतला हायड्रोजन पुरता तोडायला सुमारे ११९ किलोकॅलरी लागतात. दोन रेणूंमधला हायड्रोजन बंध तोडायला लागतात पाचच्या आसपास.

पाण्याचे दोन रेणू एकमेकांपासून दूर नेता येतात, म्हणून हा पाचाचा आकडा काढणे त्या मानाने सोपे. पण हा बंध एकाच रेणूच्या दोन टोकांमध्ये असला तर? पिकलेल्या आंब्यातल्या ग्लुकोजच्या रेणूला ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची पाच टोके असतात आणि ती शेजारच्या टोकाकडे कलून बसलेली असतात. आता यातला एक बंध मोजायचा. दूर न्यायला दुसरा रेणूच नाही. जुनी रीत अशी, की ते टोक फिरवून पाठमोरे करायचे आणि ऊर्जेत किती फरक पडला ते बघायचे. पण पाठमोरे केलेले टोक तिकडच्या शेजाऱ्याला धक्का देते, कधी त्याच्याशी नवा बंध जोडते, सगळा रेणू अंग चोरून घेतो. म्हणजे पुन्हा पहारच.

देशमुख आणि गद्रे यांनी काय केले ते नीट ऐकावे. इथे आकृती काढायची सोय नाही. हायड्रोजन पुढे करणाऱ्या टोकाला देणारे म्हणू आणि समोरच्याला घेणारे. रेणू आहे तसा ठेवायचा, एकही अणू जागचा हलवायचा नाही. एक तुकडा असा करायचा की त्यात देणारे टोक नाही, त्याच्या जागी साधा हायड्रोजन ठिगळ म्हणून लावला आहे. दुसऱ्या तुकड्यात देणारे आहे पण घेणारे काढून ठिगळ लावले आहे. तिसऱ्यात दोन्ही नाहीत. पहिल्या दोन तुकड्यांची ऊर्जा मिळवा आणि तिसऱ्याची वजा करा. दोनदा आलेली शिवणीची पट्टी ती हीच. जे उरते ती एका अशा रेणूची ऊर्जा की ज्यात देणारेही आहे, घेणारेही आहे, बाकी सगळे जागच्या जागी आहे, फक्त त्या दोघांनी एकमेकांना पाहिलेले नाही. कारण कुठल्याच तुकड्यात ते दोघे एकत्र नव्हते. आता अखंड रेणूची खरी ऊर्जा काढा. ती याहून थोडी खाली असते. हा थोडासा फरक म्हणजे त्या दोघांमधला बंध.

हे मला पहिल्यांदा समजले तेव्हा मी भाच्याला तीनदा विचारले की कुठे काही तोडलेच नाही ना. तोडले म्हणाल तर कागदावर, आणि तेही असे की तोडण्याचे घाव वजाबाकीत एकमेकांना खाऊन टाकतात.

ही वजाबाकी किती नाजूक आहे याची कल्पना द्यायला हवी. पाण्याच्या एका साध्या रेणूची एकूण ऊर्जा, अठरा ग्रॅम पाण्याच्या हिशेबाने, अठ्ठेचाळीस हजार किलोकॅलरींच्या घरात जाते, आणि आपण शोधतो आहोत पाचाच्या आसपासचा आकडा. रसायनशास्त्रज्ञांत यावर एक जुना दाखला आहे. तांडेलाचे वजन करायचे म्हणून आधी त्याच्यासकट जहाज तोलायचे, मग त्याला उतरवून रिकामे जहाज तोलायचे, आणि वजाबाकी करायची. तराजू सच्चा असेल तरच यातून तांडेल मिळतो. नाहीतर हाती लागते ती चूक.

पुढच्या तीन-चार वर्षांत या गटाने साखरांमधले, नंतर प्रथिनांच्या साखळ्यांसारख्या रेणूंमधले बंध एकेक करून तोलले. साखरांत ते साधारण एक ते चार किलोकॅलरींच्या दरम्यान निघाले. २००७ मध्ये देशमुख, सुरेश आणि गद्रे यांनी आपली रीत दुसऱ्या एका प्रचलित रीतीशेजारी ठेवून पाहिली. त्या दुसऱ्या रीतीत बंध जुळताना रेणूला वाकून जे कडे करावे लागते, त्याचा ताणही आकड्यात मिसळतो, असे त्यांनी दाखवले. बंधाचे देणे आणि वाकण्याचा खर्च अशी वेगवेगळी खाती त्यांनी मांडली. आमच्याकडे रापण ओढून झाल्यावर वाटणी होते, तेव्हा जाळ्याचा वाटा वेगळा आणि माणसांचा वेगळा काढतात. नाहीतर भांडण ठरलेले.

यातून एक गोष्ट अशी बाहेर आली की ती ऐकून माझ्यासारखा माणूस थबकतो. साखरेतले हे बंध रांगेत असतात. पहिले टोक दुसऱ्याकडे कललेले, दुसरे तिसऱ्याकडे. अशा रांगेतला बंध एकट्या बंधाहून थोडा घट्ट निघतो. शेजाऱ्याच्या कलण्याने त्याला बळ मिळते. पुण्याच्या रीतीने हे उसने बळही वेगळे मोजता आले. पण मग बंधाच्या अंगची ताकद म्हणजे काय? शेजारी काढून घेतल्यावर उरते ती, की शेजाऱ्यांसह असते ती? माझ्या मते दुसरी, कारण एकटा बंध निसर्गात क्वचितच भेटतो. पण रसायनशास्त्रज्ञांत यावर एकमत नाही आणि तसे ते मोकळेपणाने लिहितात. क्रेमर आणि क्राका यांचा ताठरपणा मोजणारा तराजू एक क्रम देतो, पुण्याचा ऊर्जा मोजणारा तराजू आपले आकडे देतो, आणि दोघांनी प्रत्येक वेळी एकच सांगावे अशी सक्ती नाही. एकाच रेणूच्या आतला हायड्रोजन बंध तर कुठल्याच प्रयोगात सरळ मोजता येत नाही. तेव्हा हे सगळे आकडे व्याख्येसकट वाचायचे असतात. ठिगळ म्हणून लावलेला हायड्रोजन स्वतःही थोडी ढवळाढवळ करतोच, तीसुद्धा तपासावी लागते.

हे शास्त्र पुण्यात झाले म्हणून मोठे असे मी म्हणत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते त्याचे वळण. महासंगणक हाताशी असता तर मोठा रेणू सबंधच गणितात घातला असता आणि कातरी लागली नसती. कातरी लागली म्हणून तुकड्यांच्या बेरीज-वजाबाकीकडे इतके बारकाईने बघितले गेले, आणि बारकाईने बघता बघता ध्यानात आले की तुकडे विशिष्ट तऱ्हेने बेतले तर उरणारी वजाबाकी हेच एक उत्तर आहे. १९९४ ते २००६ एवढी वर्षे त्याला लागली. राज्याच्या विद्यापीठात, पगार आणि विजेच्या नेहमीच्या तक्रारींसह, एकामागून एक आलेल्या विद्यार्थ्यांनी एकच धागा हातात ठेवला. अशा चिकाटीवर मराठीत कुणी फारसे लिहीत नाही. आपण परम संगणकाचा पोवाडा गातो आणि त्यावर काय शिजले ते विचारत नाही.

गद्रे २०१० मध्ये आयआयटी कानपूरला गेले. विद्यापीठाचे नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. देशमुख मध्य प्रदेशात सागरच्या विद्यापीठात शिकवू लागले आणि तीच कातरी घेऊन ते पुन्हा पाण्याकडे वळले. २०२० मध्ये त्यांनी, गद्रे यांनी आणि आणखी एका सहकाऱ्याने पाण्याच्या तीन ते आठ रेणूंच्या झुबक्यांतले बंध सुटे सुटे तोलून दाखवले. आठ रेणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर बसतात आणि त्यांच्यात बारा हायड्रोजन बंध होतात. तोवर लोक सगळ्या झुबक्याची ऊर्जा काढून तिला बारांनी भागत आणि सरासरी सांगत. पण या बारांत सगळे सारखे नसतात. काही रेणू एक हायड्रोजन देतात आणि दोन घेतात, काही दोन देतात आणि एक घेतात. एकच देणाऱ्याकडून एकच घेणाऱ्याकडे गेलेले चार बंध आखूड आणि घट्ट असतात, उरलेले आठ त्यांच्यापेक्षा सैल.